खाशाबांच्या पाठीशी उभे राहिले खर्डेकर

हल्ली दर आठ-पंधरा दिवसांनी फोनवर एखादी यादी येऊन पडते. वर ठळक अक्षरांत एक आडनाव आणि खाली त्या आडनावाची नामवंत मंडळी: एखादा सरदार, एखादा पैलवान, दोन-चार आमदार-खासदार, एक नट, एक क्रिकेटपटू आणि जमलंच तर एखादा लेखक. शेवटी 'अभिमान असेल तर पुढे पाठवा' अशी ओळ. कोल्हापुरात हा प्रकार फोनपुरता उरलेला नाही. चौकातल्या फ्लेक्सवर 'समस्त अमुक परिवार' झळकतो, एका आडनावाचे मेळावे भरतात, दहावी-बारावीच्या मुलांचे सत्कार समाज आणि आडनाव बघून ठरतात. यात कुणाचं काय बिघडतं, असं पुष्कळांना वाटतं. माझ्या मते बरंच बिघडतं. एकतर या याद्या नसलेलं नातं जोडतात. दुसरं म्हणजे, माणूस ज्यांच्या जिवावर मोठा झाला त्यांचीच नावं त्या पुसून टाकतात. आणि आडनाव बघून छाती फुगवायची सवय लागली की आडनाव बघून दार लावायची सवयही त्याच घरात राहायला येते.

जाधव आडनावाचंच बघा. यादी सिंदखेडच्या लखुजी जाधवांपासून सुरू होते, सेनापती धनाजी जाधवांवर येते (त्यांची समाधी आपल्याच पेठ वडगावात आहे), तिथून उडी मारून ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव, समीक्षक रा. ग. जाधव, अर्थतज्ज्ञ नरेंद्र जाधव, क्रिकेटपटू केदार जाधव. यातल्या प्रत्येकाचं काम आपापल्या जागी मोठंच आहे. पण यांना एका ओळीत बसवणारा धागा कोणता? रक्ताचं नातं नाही, गाव एक नाही, जातही एक नाही. नरेंद्र जाधव दलित कुटुंबातले, वडील मुंबईच्या बंदरात राबलेले. मुलगा पुणे विद्यापीठाचा कुलगुरू आणि नियोजन आयोगाचा सदस्य झाला. शेजारच्या कर्नाटकात कलबुर्गीतून २०१९ मध्ये लोकसभेवर गेलेले उमेश जाधव बंजारा समाजातले. मराठ्यांत जाधव आहेत, महारांत आहेत, बंजाऱ्यांत आहेत, कैकाड्यांत आहेत. 'आपले जाधव' म्हणून यादी पुढे ढकलणाऱ्यातल्या किती जणांना हे माहीत असतं? माहीत झाल्यावर किती जण त्यातली दोन नावं हळूच गाळतात, तेही मी पाहिलं आहे. ज्या अभिमानाला माहितीची भीती वाटते, तो अभिमान कशाचा?

खाशाबांची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण ती निम्मी कोल्हापूरची आहे आणि आडनावाच्या यादीत तिचा जीवच निघून जातो. कराडजवळच्या गोळेश्वरला १५ जानेवारी १९२६ रोजी त्यांचा जन्म. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे पहिले डाव घरातच शिकायला मिळाले. घराण्याच्या वाट्याचं श्रेय आहे ते इतकं, आणि ते द्यायलाच हवं. त्यापुढे मात्र बघा कोण कोण आलं. तालमीत बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी. कोल्हापुरात राजाराम कॉलेज. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला जायचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. मातीतला हा पैलवान तिथे पहिल्यांदाच मॅटवर उतरत होता, तरी फ्लायवेट गटात सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीची वेळ आली तेव्हा पुन्हा पैशांचा प्रश्न. सरकारी दारात चपला झिजल्या, गावाने वर्गणी काढली, तरी भागेना. तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. १९५२ मध्ये सात हजार म्हणजे काय रक्कम होती, हे घरातल्या जुन्या माणसांना विचारून बघा. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर त्यांनी कुस्त्यांची मैदानं घेतली आणि त्या पैशांतून आधी सरांचं घर सोडवलं.

बलावडे, बेलापुरे, खर्डेकर, कोल्हापूरचे छत्रपती, गोळेश्वरचे गावकरी. एका जाधवाला पदकापर्यंत नेणाऱ्यांची ही नावं. 'जाधव परिवाराचा अभिमान' म्हणून खाशाबांचा फोटो फ्लेक्सवर चढतो तेव्हा घर गहाण टाकणारा माणूस फ्लेक्सच्या बाहेर राहतो, कारण तो खर्डेकर आहे. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि अन्याय फक्त खर्डेकरांवर होत नाही. आपल्या आडनावाच्या नसलेल्या पोरासाठी घर पणाला लावता येतं, ही गोष्ट पुढच्या पिढीच्या कानावरच पडत नाही. एखादी शिक्षिका आज वर्गातल्या कुणा गरीब पोरीची फी भरत असेल, तर तिच्यासाठी खर्डेकर हा केवढा आधार आहे! यादीत तो आधार सापडत नाही.

शिवाय हेही विचारायला हवं की खाशाबांच्या पडत्या काळात हे आडनाव कुठे होतं? १९५५ मध्ये ते पोलिसांत उपनिरीक्षक झाले, सहायक आयुक्त म्हणून निवृत्त झाले, निवृत्तिवेतनासाठी झगडले आणि १९८४ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. आडनावाचा अभिमान माणूस जिंकल्यावर दारात येतो. झगडा चालू असताना तो कुणाच्या उपयोगी पडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

खाशाबांचा वारसा पुढे कुणी चालवला, हे शोधायलाही आडनावाचा उपयोग नाही. महाराष्ट्राच्या माणसाला ऑलिंपिकमध्ये पुन्हा वैयक्तिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. ते आणलं राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने, १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये, पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात. त्याच्या मार्गदर्शक दीपाली देशपांडे, स्वतः अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या. जाधवांचा वारस कुसाळे आणि त्याच्या गुरू देशपांडे! तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली आणि राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेतलं. कोल्हापूरच्या नेमबाजीचा वारसा म्हणायचा तो हा. त्यात दोन माणसांचं आडनाव एक नाही.

आता पाटील. कोल्हापूर जिल्ह्यात कुठल्याही लग्नात 'पाटील' अशी हाक मारली तर अर्धा मांडव वळून बघेल. म्हणूनच आपल्याकडे लगेच पुढचा प्रश्न येतो, "कुठल्या पाटलांच्यातलं म्हणायचं पावणं?" विचारणाऱ्याला गाव तर कळून घ्यायचं असतंच, पण गावाच्या आडून बहुतेक वेळा जात विचारलेली असते. पाटील हे मुळात घराण्याचं नाव नव्हे, ते पद होतं. गावचा सारा गोळा करणारा, तंटे तोडणारा वतनदार. त्याचा मदतनीस चौगुला, हिशेब लिहिणारा कुलकर्णी. मराठा, जैन, लिंगायत, आगरी, ज्याच्याकडे गावाची पाटीलकी तो पाटील. राज्यात मुलकी पाटलांची वतनं १९६२ च्या कायद्याने संपली. कोल्हापूर संस्थानात तर शाहू महाराजांनी १९१८ मध्येच कुलकर्णी वतनं रद्द करून पगारी तलाठी नेमले होते. लिहिण्याचं काम जन्माने मिळू नये, शिकून मिळावं, हा त्यामागचा विचार. म्हणजे ज्या गोष्टींना आपल्याच राजाने शंभर वर्षांपूर्वी हात घातला, त्यांची नावं तेवढी आपण आडनावं म्हणून जपून ठेवली आणि आता त्यांच्या याद्या करतो आहोत. गावात आज पोलीस पाटील नेमणुकीने होतो. त्या खुर्चीवर कुठल्याही आडनावाचा माणूस बसतो, बाईही बसते.

हातकणंगले तालुक्यातले दोन पाटील घ्या. कुंभोजला जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील आणि पट्टणकोडोलीला जन्मलेले कथाकार शंकर पाटील. कर्मवीर जैन कुटुंबातले. १९१९ मध्ये काले इथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली, आणि पोरांच्या पोटाला कमी पडलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. संस्थेला नाव दिलं 'रयत'. स्वतःचं, घराण्याचं, जातीचं नाव कुठे घातलं नाही. वसतिगृहालाही नाव शाहू महाराजांचं. शंकर पाटलांचं काम वेगळंच. खेड्यातल्या माणसाची बोली त्यांनी कथेत अशी आणली की ती वाचताना कानात ऐकू येते. १९८५ च्या नांदेड साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. तिसरे एन. डी. पाटील. गाव सांगली जिल्ह्यातलं ढवळी, पण हयात कोल्हापुरात चळवळींत गेली. शहराच्या टोलविरोधी लढ्यात वयाची ऐंशी उलटल्यावरही ते रस्त्यावर बसलेले आपण पाहिले आहेत. या तिघांना 'पाटील' या एका शब्दाखाली आणून काय हाती लागतं? उलट कर्मवीर आणि एन. डी. यांना जोडणारा खरा धागा आहे रयत शिक्षण संस्था, एन. डी. तिथेच घडले आणि पुढे त्या संस्थेचं नेतृत्वही त्यांनी केलं. आडनावं वेगळी असती तरी हा धागा तसाच राहिला असता.

आणि कोल्हापूर ज्यांच्या नावाने ओळखलं जातं त्या शाहू महाराजांचं काय करायचं? त्यांचा जन्म २६ जून १८७४ चा, कागलच्या घाटगे घराण्यातला. नाव यशवंतराव. १७ मार्च १८८४ रोजी, वयाच्या दहाव्या वर्षी, ते करवीरच्या गादीवर दत्तक आले आणि भोसले झाले. घाटग्यांच्या यादीत घालायचं की भोसल्यांच्या? कागलचे लोक त्यांना आपलं म्हणतात, छत्रपती घराणं आपलं म्हणतं, आणि दोघांचंही खरं आहे. पण २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने मागासलेल्या वर्गांसाठी नोकरीत निम्म्या जागा राखणारा राजा जन्माच्या आडनावाने घडला नाही आणि दत्तक आडनावानेही नाही. त्याच आडनावांची इतर माणसं होतीच की, त्यांनी असा हुकूम काढला नव्हता.

स्त्रियांचा तर या याद्यांना पत्ताच लागत नाही. जाधवांच्या यादीत लखुजी पहिले, पण जिजाबाई दुसऱ्या यादीत. करवीर राज्य उभं करणाऱ्या ताराराणी सरसेनापती हंबीरराव मोहित्यांच्या लेक आणि भोसल्यांच्या सून. सोय असेल तशी त्यांची नेमणूक होते. माहेरच्या यादीत कधी असतात, कधी नसतात. आजच्या बाईचं तर विचारू नका. शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव, आधारवर दुसरं, आणि पदवी कुणाच्या नावावर हे सिद्ध करायला राजपत्राच्या कचेरीत हेलपाटे. अशा बाईने उद्या काही मोठं केलं तर ती कुठल्या परिवाराचा अभिमान? बहुधा फोटो छापणाऱ्याचा. नामवंतांच्या आडनाववार याद्यांत बायका इतक्या कमी दिसतात त्याचं हे एक साधं कारण आहे: यादीची रचनाच बापाकडून मुलाकडे जाणारी आहे.

आडनाव आपण समजतो तितकं जुनं आणि अढळ नसतंही. कोल्हापूरच्या बाबूराव मेस्त्रींनी आणि त्यांच्या आतेभाऊ-मामेभावाच्या नात्यातल्या आनंदरावांनी नाटकांचे पडदे रंगवले, लोक त्यांना पेंटर म्हणू लागले, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढून १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणणारे ते बाबूराव पेंटर म्हणूनच राहिले. मा. दीनानाथांनी गोव्यातल्या मंगेशीवरून मंगेशकर हे आडनाव घेतलं. वडिलांचं आडनाव ते नव्हतं. दीनानाथ १९४२ मध्ये गेल्यावर पोरवयातल्या लताबाईंना मास्टर विनायकांनी कंपनीत काम दिलं आणि काही वर्षं हे कुटुंब कोल्हापुरात राहिलं. मंगेशकर हे एकाच घरात इतकी मोठी माणसं दिसणारं दुर्मीळ आडनाव. ते एका माणसाने आपल्या हयातीत निवडलेलं होतं, आणि त्या घराचा पडता काळ सावरला तो दुसऱ्या आडनावाच्या माणसाने.

इथवर कुणी म्हणेल की हा सगळा अभिमानाचाच तर प्रश्न आहे, लोकांना हौस असते, असू द्या. या हौसेची दुसरी बाजू मी जवळून पाहिली आहे. नव्याने नोकरी लागलेल्या एका तरुण सहकाऱ्याला खोली हवी होती, म्हणून त्याच्याबरोबर उपनगरातल्या एका बंगल्यात गेलो होतो. मालक भला माणूस. चहा सांगितला, पाण्याची वेळ सांगितली, गाडी कुठे लावायची ते दाखवलं, अनामत रक्कमही थोडी कमी केली. मग म्हणाले, "नाव लिहून घेतो, म्हणजे करारपत्राला बरं." याने पहिलं नाव सांगितलं. मालकांनी लिहिलं. वडिलांचं सांगितलं. लिहिलं. "आडनाव?" "कांबळे." पेन तिथेच थांबलं. मालकांनी वहीकडे बघतच विचारलं, "गाव कुठलं म्हणालासा?" गाव सांगून झालं. मग ते उठले, आत जाऊन आले आणि म्हणाले, "घरात विचारायला पायजे. आमच्यात जरा शाकाहारी लागतंय. सांगतो फोन करून." तांबड्या-पांढऱ्या रश्शाच्या गावात हे कारण ऐकताना मला त्या पोराच्या तोंडाकडे बघवेना. त्याला अशा कारणांची सवय होती. चेहऱ्यावर काही उमटलंच नाही. बाहेर आल्यावर तो एवढंच म्हणाला, "पुढच्या ठिकाणी आधीच आडनाव सांगू या, चहा तरी वाया जायचा नाही." फोन आला नाही.

त्या मालकांच्या गाडीवर मागे ठळक अक्षरांत त्यांचं आडनाव होतं. त्यांच्या मनात कांबळ्यांविषयी द्वेष होता, असं मी म्हणणार नाही. पण आडनाव म्हणजे माणसाचं मोल, हे ज्याच्या अंगवळणी पडलं त्याला ते मोल चढवताही येतं आणि पाडताही येतं. सरदारांच्या आडनावाला आपोआप मान द्यायचा आणि कांबळे ऐकल्यावर पेन थांबवायचं, ही एकाच डोळ्याची दोन कामं आहेत. पहिलं गोड वाटतं म्हणून चालू ठेवायचं आणि दुसरं तेवढं बंद करायचं, हे जमत नाही.

याच शहरात गंगाराम कांबळे होऊन गेले. राजवाड्याच्या पागेत नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मार खावा लागला. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना भांडवल देऊन भाऊसिंगजी रोडवर हॉटेल काढून दिलं. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा मागवू लागले, बरोबरच्या मानकऱ्यांनाही प्यायला लावू लागले. पुढे महाराज गेल्यावर त्यांचं स्मारक उभं करण्यात पुढाकार घेतला तो याच गंगाराम कांबळ्यांनी. शंभर वर्षांपूर्वी राजाने कांबळ्यांच्या हातचा चहा घेतला. शंभर वर्षांनी कांबळ्यांना आपल्या घरी चहा देऊन खोली नाकारली जाते. शाहूनगरी म्हणवून घेणाऱ्या गावाला याचं उत्तर द्यावं लागेल.

एक आक्षेप मात्र मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. कांबळे आडनावाच्या पोराने शांताबाई कांबळे, बेबीताई कांबळे, अरुण कांबळे, उत्तम कांबळे या लेखक मंडळींची नावं एकत्र वाचली तर त्याला जे बळ येतं, ते काढून घ्यायचा मला काय अधिकार? काहीच नाही. ज्या आडनावावर पिढ्यान्‌पिढ्या अपमान लादला गेला, त्या आडनावाने आपली मोठी माणसं मोजणं हे अपमानाला दिलेलं उत्तर आहे. शाहू महाराजांनीही हे ओळखलं होतं. कोल्हापुरात त्यांनी मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य अशी समाजवार वसतिगृहं उभी राहू दिली, कारण त्या त्या समाजाच्या पोराला शहरात अंग टाकायला जागा नव्हती. दलितांना 'सूर्यवंशी', 'सरदार', 'पंडित' अशी मानाची नावं देण्यामागेही हीच दृष्टी होती. नाकारलेल्या माणसाला आत घेण्यासाठी समाजाचं नाव घेणं एक, आणि आधीच आत बसलेल्याने उंबऱ्यावर आडनाव कोरणं दुसरं. या दोन्हींना एका तागडीत घालणं मला पटत नाही. तरीही त्या कांबळे आडनावाच्या पोराला खाशाबाही आपला वाटावा आणि जाधवांच्या पोराला बेबीताई कांबळे आपल्या वाटाव्यात, ही इच्छा मी सोडणार नाही. नुसत्या आडनाववार याद्यांनी ती वेळ येणार नाही.

मग आडनावंच टाकून द्यायची का? तमिळनाडूत स्वाभिमान चळवळीने १९२० च्या दशकात नावामागची जात टाकायला लावली. तिथे आज बहुतेकांच्या नावाला वडिलांच्या नावाचं आद्याक्षर असतं. बिहारमध्ये जयप्रकाशांच्या आंदोलनात पुष्कळ तरुणांनी आडनाव सोडलं. दोन्हीकडे जात शोधणाऱ्यांनी दुसऱ्या वाटा शोधल्या: गाव, गल्ली, कुलदैवत, लग्नपत्रिका. म्हणून आडनाव काढून टाकल्याने प्रश्न सुटेल असं मी म्हणत नाही. ते पत्त्यासारखं राहू दे. पत्त्यावरून कुणी माणसाची लायकी ठरवत नाही, तेवढंच आडनावाचं व्हावं.

मोठ्या माणसांची नावं कशी घ्यावीत, हे शिकायला कोल्हापूरला बाहेर जावं लागत नाही. खासबाग मैदानावर कुस्ती लागते तेव्हा निवेदक काय पुकारतो ते नीट ऐका. आधी पैलवानाचं नाव आणि गाव, मग लगेच 'अमुक वस्तादांचा पठ्ठा', मग तालीम: गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग. शाहूपुरी तालमीच्या श्रीपती खंचनाळ्यांनी १९५९ मध्ये पहिली हिंदकेसरीची गदा आणली. माणूस सीमेवरच्या एकसंब्याचा. तालमीत पोरगा आला की वस्ताद त्याचा खांदा आणि मांडी बघतो, पहाटे उठतो का ते बघतो, हौदातली माती उकरायला लावतो. पैलवान जिंकला की वस्तादाचं नाव आपोआप घेतलं जातं, आणि ते घेतलं नाही तर मैदानातली माणसं ओरडतात. कोण कुणामुळे मोठा झाला हे सांगण्याची इतकी प्रामाणिक पद्धत दुसरीकडे क्वचितच असेल.

गाण्यातही आपल्याकडे हेच होतं. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात होते. त्यांची गायकी त्यांच्या मुलांकडे गेली, तशीच भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्याकडे गेली. मंजी खाँ आणि भुर्जी खाँ या मुलांकडून मल्लिकार्जुन मन्सूरांकडे गेली. मोगूबाईंकडून लेकीकडे, किशोरी आमोणकरांकडे. खान, बखले, केरकर, कुर्डीकर, मन्सूर, आमोणकर: एका गायकीची ही माणसं. आडनाववार याद्या करणाऱ्याला ही परंपरा कुठेच दिसणार नाही.

म्हणून सत्कार समित्यांना, तरुण मंडळांना, फ्लेक्स लावणाऱ्या परिवारांना माझी कळकळीची मागणी आहे. एखाद्या मुलीने पदक आणलं तर तिच्या फोटोखाली तिच्या आडनावाच्या परिवाराऐवजी तिच्या प्रशिक्षकाचं, शाळेचं, तिला पहाटे मैदानावर सोडणाऱ्या आईचं नाव छापा. महाराष्ट्र सरकार १५ जानेवारी हा खाशाबांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतं. त्या दिवशी कोल्हापूरच्या प्रत्येक शाळेत खर्डेकर सरांची गोष्ट सांगितली जावी. आणि ज्यांच्याकडे भाड्याची खोली आहे त्यांनी करारपत्र लिहिताना आडनावापाशी आपला हात थांबतो का, हे स्वतःला विचारावं. हे तिसरं सगळ्यात अवघड आहे, कारण तिथे टाळ्या नाहीत.

शाळांच्या हातात आणखी एक गोष्ट आहे. राज्य सरकारच्या निर्णयाने १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आला आहे. यातली पहिली मुलं २०३० च्या जूनमध्ये पहिलीत बसतील. अजून कितीतरी वर्गांत हजेरी आडनावाने घेतली जाते, "पाटील", "कांबळे", "जाधव". सहा वर्षांच्या पोराला आपण कुणातले हे पहिल्यांदा तिथे कळतं. जिल्हा परिषदेने आणि महापालिकेच्या प्राथमिक शिक्षण समितीने साधं परिपत्रक काढावं: हजेरी पोराच्या नावाने घ्यायची, वर्गात एका नावाची दोन मुलं असतील तर पुढे आईचं नाव जोडायचं. कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं ते १९१७ मध्ये, देशातल्या पुष्कळ भागांच्या आधी. त्या मानाने हे परिपत्रक काढायला ना पैसा लागतो, ना कायदा.